ठोंब्या, सांग तिकडच्या बाईले

माझ्या मोठ्याईचं, म्हणजे बाबाच्या थोरल्या भावाच्या बायकोचं, नाव कौशल्याबाई. तिचं कोणतंही वाक्य "मी काय म्हनते" इथून सुरू होतं. हे तीन शब्द ती असे लांबवते की समोरचा हातातलं काम खाली ठेवतो. मग ती थांबते, पदर नीट करते, रस्त्याकडे एकदा पाहून घेते आणि जे सांगायचं ते इतक्या हळू सांगते की तीन घरं पलीकडे बरोबर ऐकू जातं.

तिचा नवरा, म्हणजे माझा मोठा बाबा भागवत, बोलत नाही. तो "हाव" म्हणतो. पण त्याचं हाव चार प्रकारचं आहे. छोटं हाव म्हणजे हो. लांबडं हाव म्हणजे नाही. नाकातलं हाव म्हणजे मी ऐकलंच नाही. आणि हाव-हाव असं जोडून आलं की समजायचं, ताट वाढ. बत्तीस वर्षांचा संसार मोठ्याईने या चार हावांवर भागवला. दोन पोरं पुण्याला कंपनीत, त्यांचा फोन आला की "हां आई, ठेवतो" एवढ्यात संपतो. मग बोलायला घरची अशी एकच बाई उरली, तिची धाकटी जाऊ छाया. ती माझी आई. आणि तिच्याशी मोठ्याई नऊ वर्षांपासून बोलत नाही.

बोलत नाही म्हणजे खांबाशी बोलते.

आमची दोन घरं उंद्री गावाच्या पार टोकाला, भिंतीला भिंत लावून. मागचं आवार आधी एकच होतं. वाटणी झाली तेव्हा जुन्या कोठ्याची, म्हणजे गोठ्याची, लाकडं उपसून आवारात तेरा खांब गाडले आणि काटेरी तार ओढली. तिकडे मोठ्याईची वांगी-मिरच्या, इकडे आईची मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. तेरातला सातवा, बरोबर मधातला खांब बाभळीचा. वर त्याला दोन फांद्यांची बेचकी, त्यामुळे कोणी हात वर करून उभा आहे असं वाटायचं.

नऊ वर्षांआधी महादेवाच्या देवळात रोडग्यांचा कार्यक्रम होता. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. आईचे रोडगे त्या दिवशी जरा जास्त भाजले. मोठ्याईने एक हातात घेतला, दगडावर ठक-ठक वाजवला आणि चाळीस बायांच्या मधात म्हणाली, "मी काय म्हनते... छायाचे रोडगे फेकू नका बाई. कुंपनाचे खांब ठोकायले कामी येतीन."

चाळीस बाया हसल्या. आई तिथून उठली. घरी आली, मागच्या आवारात गेली. मोठ्याई पलीकडे मिरच्या पसरवत होती. आईने मधातल्या खांबावर असा हात हाणला की तार बारा खांबांपर्यंत वाजली.

"हा खांब उभा हाय तोवर तुमच्याशी एक शब्द बोलली, तं नावाची छाया नाही!"

मोठ्याई काय कमी? तिने पलीकडून हाणला. "अन मी बोलली, तं नावाची कौशल्या नाही!"

बिचाऱ्या खांबाने काही केलं नव्हतं. त्याला दोन्हीकडून बसली.

चार दिवस दोघी खरंच बोलल्या नाहीत. त्यातल्या पहिल्याच दिवशी मोठ्याईने माझ्याजवळ निरोप दिला होता, पण तो प्रयोग फसला. मी तेव्हा सात वर्षांची. निरोप एवढाच होता की आमची शेळी तिच्या वांग्यात शिरते. मी आईसमोर उभी राहिले, पदर नव्हता म्हणून ओढणी सारखी केली, मान वाकडी केली, रस्त्याकडे पाहिलं आणि "मी काय म्हनते..." पासून सगळं सांगितलं. आई आधी हसली आणि मग भडकली. तिचं उत्तर मी तिच्याच फटफट्या आवाजात, शेवटचा शब्द गिळून, तिकडे पोचवलं. भांडण दुप्पट झालं. दोघींनी ठरवलं, "ही पोट्टी निरोप नेत नाही, सगळं मानूसच उचलून आनते." माझी नोकरी गेली.

पाचव्या दिवशी आमची पाण्याची टाकी भरून वाहायला लागली. आई घरात होती. वाहतं पाणी पाहून गप्प बसणं मोठ्याईच्या रक्तात नाही. ती दोनदा घरात गेली, दोनदा बाहेर आली. शेवटी खांबासमोर उभी राहिली आणि त्याच्या तोंडावर म्हणाली, "ठोंब्या, सांग बे तिकडच्या बाईले, टाकी भरली म्हना."

घरातून आई ओरडली, "ठोंब्या, त्याईले सांग, आमाले डोळे हायेत!"

पण नळ बंद झाला.

तिथून नऊ वर्षं. सकाळी भांडी घासताना, दुपारी निवडताना, संध्याकाळी तुळशीला दिवा लावून झाला की दोघी आपापल्या बाजूने खांबाजवळ. "ठोंब्या, तिले सांग, मिरच्याचं लोनचं घालाले मोहरी जास्त लागते." "ठोंब्या, त्याईले म्हना, आमच्या मायनं शिकवलं हाय आमाले." "ठोंब्या, तिच्या मायचं लोनचं मी खाल्लं हाय, म्हनूनच सांगून राह्यली." सगळं त्या बाभळीला ऐकावं लागायचं. आईला टायफॉईड झाला तेव्हा मोठ्याईने आठ दिवस खांबाला विचारलं, "ताप उतरला का बे तिचा?" आणि रोज काढ्याची किटली बेचकीत लटकवून गेली. आई काढा प्यायची आणि खांबाला सांगायची, "कडू हाय म्हना." दुसऱ्या दिवशी त्यात गूळ जास्त पडायचा.

तर असं छान चाललं होतं. मग यंदा दिवाळीनंतर रोही आला.

रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर, अक्कल मात्र गोगलगायीएवढी. मोठ्याईच्या आवारातल्या कोवळ्या तुरीसाठी त्याने कुंपणाला छाती लावली आणि तीन खांब एकदमच आडवे झाले. पाहिलं तर सगळ्यांना उदई, म्हणजे वाळवी, लागलेली. वरून खांब, मातीत भुसा. बाबा आणि मोठा बाबा यांचं तसं चांगलं जमतं, कारण एक बोलतो आणि दुसरा हाव म्हणतो. त्यांनी ठरवलं, लाकडी खांब काढायचे, सिमेंटचे लावायचे. धम्मदीपला बोलावलं.

धम्मदीप आमच्याच गावचा. आजूबाजूच्या दहा गावांत कुंपण त्याच्या हातचं. खांद्यावर सब्बल म्हणजे लोखंडी पहार, खिशात दोरी आणि तोंडात "टेन्शन नाही." हे तो प्रत्येक वाक्याला लावतो, जिथे टेन्शन आहे तिथेही. त्याने सगळे खांब सब्बलच्या टोकाने ठोकून पाहिले, कान लावून ऐकले आणि म्हणाला, "काका, उद्या तेरा बाहेर. परवा तेरा आत. टेन्शन नाही."

मोठ्याईचा हात मिरच्यांच्या टोपलीत होता, तिथेच थांबला.

"अन मधातला?"

"मधातला बी, मावशी."

"त्याले काय झालं? चांगला ठणठणीत हाय."

धम्मदीपने बेचकीच्या खांबाच्या बुडाशी सब्बल हाणली. फस्स करून पिवळा भुसा बाहेर आला. "वरून पैलवान, खालून पावडर. गाभा कडक हाय अजून, पन किती दिवस?"

मोठ्याईने नवऱ्याकडे पाहिलं. "मी काय म्हनते, मधातला राहू द्यावा."

"हाऽऽव," मोठा बाबा म्हणाला. लांबडं.

तिची अडचण काय होती ते गावात कोणाला समजलं नसेल, पण आवाज ऐकणाऱ्याला समजत होतं. शपथ होती खांब उभा असेपर्यंतची. खांब गेला की शपथ गेली. मग बोलायला कोणाची ना नाही, पण आधी बोलायचं कोणी? थोरली आधी बोलली तर नऊ वर्षांनी ती हरली. धाकटी बोलली तर ती हरली. खांब होता तोवर कोणीच हरत नव्हतं आणि गोठी-गप्पा रोज होत होत्या. खांब गेला आणि दोघींपैकी कोणीच तोंड उघडलं नाही, तर मोठ्याईच्या वाट्याला काय उरलं? चार हाव.

पहिल्या दिवशी धम्मदीपने बारा खांब काढले. खांब उपटायचा नसतो म्हणे. आदल्या दिवशी बुडाशी पाणी सोडायचं, एका बाजूने माती उकरायची, सब्बल दगडावर टेकवून जरा-जरा उचकवायचं, मग खांबाला दोन्ही हातांनी पुढे-मागे हालवत राहायचं. "हालवून हालवून त्याले पाय विसरायले लावायचं," तो म्हणाला, "मंग तो आपल्या मनानं निंगते." उरलेला मधातला काढायला आला तोच मोठ्याई आडवी. "आजच्या दिवस राहू दे रे. सांज झाली. सांजंचा कोनाले घराबाहेर काढू नाही."

"टेन्शन नाही," धम्मदीप म्हणाला आणि गेला.

सकाळी आई चूळ भरायला मागे आली आणि चूळ तोंडातच राहिली. मधातल्या खांबाला शेंदूर लागला होता. साधासुधा नाही. तेलात कालवलेला, बेचकीपासून कमरेपर्यंत चोपडलेला. खाली दोन अगरबत्त्या आणि झेंडूचं फूल. पलीकडे मोठ्याई गोवऱ्या रचत होती. आज गोवऱ्या रचताना ती जरा जास्तच सरळ उभी होती.

आईने चूळ टाकली. जवळ जाऊन वाकून पाहिलं. शेंदरात पाच बोटांचा पंजा होता आणि तिसऱ्या बोटाशी बारीक गोल खाच.

"ठोंब्या," आई म्हणाली, "आपन देव झाले ते बरं झालं. पन देवाच्या बोटात आंगठी कायची वो?"

पलीकडे गोवरी खाली पडली. मोठ्याईने डावा हात पदरात घेतला, मग आठवलं की अंगठी उजव्यात आहे, मग उजवा घेतला.

आईला सगळं कळलं होतं आणि तिला ते बंदही पाडता आलं असतं. पण ती हसू दाबत घरात गेली. तिलाही तो खांब जायला नको होता, पण हे तिने मला सांगितलेलं नाही. तिने मला सांगितलं, "तोंड बंद ठेव, नाही तं भांडी तूच घासशीन."

धम्मदीप आला. शेंदूर पाहून त्याने सब्बल खाली ठेवली. "मावशी, मी देव उपटत नाही. मी खांब उपटतो. हा देव हाय का खांब, ते तुम्ही ठरवा. ठरलं का फोन करा. टेन्शन नाही." आणि त्याने बाकीचे बारा सिमेंटचे खांब दोरी लावून, दगड-मुरूम ठासून, एका रेषेत उभे केले. तार दोन्हीकडून ओढली, मधल्या खांबाशी येऊन तिची गुंडाळी करून ठेवली आणि दुसऱ्या गावच्या कामावर निघून गेला. कुंपण पूर्ण झालं, फक्त मधात दोन्ही बाजूंना माणूस जाईल एवढी वाट राहिली आणि त्या वाटेवर देव.

मोठ्याई त्या दिवशी फार खूश होती. तिला वाटलं, जिंकली.

अकरा वाजता पुष्पाबाई वांगी घ्यायला आली. पुष्पाबाईकडे गावातल्या सगळ्या देवांची माहिती. कोणाचा वार कोणता, कोणाला गोड चालतं, कोण कशाने कोपतं. बोलताना ती श्वास बाहेर सोडण्याऐवजी आत ओढते, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य आपल्याच गळ्यात पडल्यासारखं वाटतं. तिने खांब पाहिला आणि हाऽऽ करून सगळी हवा आत घेतली.

"अव माय माय माय! कधी झालं कौशल्याबाई?"

"कालपरवाच," मोठ्याई म्हणाली.

दुपारपर्यंत आठ बाया आल्या. दुसऱ्या दिवशी वीस. हळद-कुंकू, नारळ, ओटी. कोणी बेचकीत लाल फडकं बांधलं. पलीकडच्या आळीतली एक सून तर पोराची खोकल्याची बाटली घेऊन आली आणि देवाला दाखवून मगच पाजली. दोन्ही बाजूंना वाट मोकळी होती म्हणून बाया इकडून येत आणि प्रदक्षिणा घालून तिकडून जात. आईची मेथी चार दिवसांत चपटी झाली.

हे सगळं चाललं होतं, पण मोठ्याईचं एक काम अडलं. तिला खांबाशी बोलायला मिळेना.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात गावात इतकं घडलं! शाळेच्या मास्तरांनी केस काळे केले आणि उन्हात चालून येईपर्यंत रंग कानावर उतरला. एका घरच्या पाहुण्याने पोरगी पाहायला येऊन पोरीच्या आजीलाच पसंत केलं, चष्मा घरी राहिला होता म्हणून. हे सगळं मोठ्याईच्या पोटात. तिने मोठ्या बाबाला मास्तरांचं सांगून पाहिलं, हाताने कान दाखवून, रंग कसा उतरला ते करून. मोठा बाबा म्हणाला, "हंव." नाकातलं. ती कापूस वेचायला गेली, तिथे सांगून पाहिलं. बाया हसल्या, पण तिला पाहिजे तिथे हसल्या नाहीत. आई कुठे हसेल ते तिला माहीत होतं. रंग कानाशी पोचला की.

चौथ्या दिवशी दुपारी तिने पाहिलं, कोणी नाही. पदर सारखा केला, भराभर खांबाजवळ आली. इकडे आईही नेमकी त्याच वेळी सांभार खुडायला बसली होती. मोठ्याईने तोंड उघडलं.

"ठोंब्या..."

खांबामागून पुष्पाबाई उठली. ती तिथे डोळे मिटून बसली होती.

"काय म्हनलं देवाले?"

मोठ्याईने घाईने हात जोडले. "ठों... ठोंबेश्वर म्हनलं."

पुष्पाबाईने हवा आत ओढली. "नाव बी सांगतलं देवानं!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, ठोंबेश्वर. आई घरात तोंडात ओढणी कोंबून हसली. ओढणी माझी होती.

त्या रात्री मोठ्याई जेवली नाही म्हणे. सकाळी तिचा चेहरा पाहिला तर गोठी न सांगता पोट फुगलेल्या माणसाचा चेहरा. खांब वाचवला होता तो गप्पांसाठी. आता खांब होता आणि गप्पा गेल्या होत्या. उद्या यात्रा भरली असती तर पाळणे लागले असते.

तिने पुष्पाबाईला बोलावलं. "मी काय म्हनते... देव सपनात आला."

"हाऽऽ! काय म्हनला?"

"म्हने, मले अठी मिरच्याच्या मधात शिंका येतात. मले मारोतीच्या पारावर न्या."

"म्हननारच. देवाले मोकळं लागते." पुष्पाबाईने मान हलवली. "पन उचलन कोन?"

"धम्मदीप उचलन ना."

धम्मदीपला फोन गेला. तो आला, पण हात मागे बांधून उभा राहिला. "मावशी, मी हात नाही लावत. उद्या गावात कोनाची म्हैस आटली तरी नाव माहं येईन. कसं काढायचं ते सांगतो. हात तुमचे."

पुष्पाबाईने डोळे मिटले, थोडा वेळ नुसती हवा घेतली आणि निकाल दिला. "पुरुषाचा हात चालतच नाही. घरच्या सुनाईनं उचला लागते. दोन्ही सुनाईनं. एकीनं उचलला तं कोपते."

तीस बाया मोठ्याईकडे पाहत होत्या. आपणच केलेला देव आपल्यावरच उलटला, हे तिच्या तोंडावर वाचता येत होतं. ती आमच्या दाराकडे पाहायला लागली. आई हात पुसत बाहेर आली, पदर खोचला, खांबाला वाकून नमस्कार केला.

"ठोंबेश्वरा, आपली मर्जी."

पाणी सोडून झालं. धम्मदीपने लांबून सांगितलं, माती कुठून उकरायची, सब्बल कशी टेकवायची. मग दोघी दोन बाजूंनी खांबाला भिडल्या. शेंदूर दोघींच्या हातांना, गालाला, मोठ्याईच्या नव्या लुगड्याला.

"पुढं-मागं करा," धम्मदीप म्हणाला, "पन संगं. एक इकडं अन एक तिकडं असं नाही."

झालं नेमकं तेच. मोठ्याई ओढायची तेव्हा आईही ओढायची. खांब मधात ताठ.

"ठोंबेश्वरा," मोठ्याई धापा टाकत म्हणाली, "तिकडच्या बाईले सांग, मी ढकलली का तिनं ओढाव."

"ठोंबेश्वरा, त्याईले सांगा, आधी त्याईनं ढकलाव तरी."

"मी ढकलूनच राह्यली बे!"

तीस बाया हात जोडून उभ्या. पुष्पाबाई बाजूच्या बाईला सांगत होती, "पाहा, देवाशी कशा बोलतात. माह्याशी कधी नाही बोलला."

धम्मदीप पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

हळूहळू दोघींचा ताल जमला. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे. बाभळीचा गाभा कुरकुरला. बुडाखालून ओला आवाज आला, चप्पल चिखलातून निघावी तसा. आणि नऊ वर्षं उभा असलेला ठोंब्या एकदम हलका झाला, वर आला आणि सगळा आमच्या बाजूला झुकला. खाली आईचा पाय होता.

"छाये! पाय!"

आईने पाय ओढला. पूर्ण नाही निघाला, अंगठ्याला लाकूड घासून गेलं. खांब धाड्कन मेथीत आडवा झाला. बायांनी "ठोंबेश्वर महाराज की" म्हटलं. पुढचं "जय" होईपर्यंत पुष्पाबाईने ढकलगाडी आणवली होती. लाल फडक्यासकट देव गाडीवर चढला आणि मिरवणूक मारोतीच्या पाराकडे निघून गेली. आवार रिकामं झालं. मधात खड्डा, एका काठावर मोठ्याई, दुसऱ्या काठावर आई. खांब नाही.

 आई अंगठ्याकडे पाहत होती. मोठ्याई आईच्या अंगठ्याकडे पाहत होती. नऊ वर्षं बोलणाऱ्या दोन बाया पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने गप्प होत्या आणि मला वाटलं, झालं, आता हे असंच.

मग आईने नाक ओढलं.

"तुम्ही आधी बोलल्या," ती म्हणाली.

मोठ्याईचे डोळे मोठे झाले. "मी?"

"हाव तं! 'छाये पाय' कोन म्हनलं? खांब उभाच होता तवा. शपथ मोडली तुमची. नावाच्या कौशल्याबाई नाही राह्यल्या तुम्ही."

"अवो, उभा कुठून? तिरपा झाल्ता!"

"तिरपा म्हनजे उभाच. आडवा होयेपर्यंत उभाच असते मानूस."

"मानूस नाही तो, खांब हाय! अन तुहा पाय वाचवाले बोलली मी! नसती बोलली तं तुहा अंगठा आता पारावर गेला असता गाडीत!"

"जाऊ द्याचा होता! शेंदूर लावून घेतला असता त्याले बी, तुमच्याकडे उरला हाय ना!"

हे मोठ्याईला सहन झालं नाही. ती खड्डा ओलांडून तरातरा आमच्या बाजूला आली. "दाखव अंगठा."

"नाही दाखवत."

"दाखव म्हनते ना! धम्मदीप, तू सांग रे. तिरपा खांब उभा धरतात का आडवा?"

धम्मदीप सिमेंटचा शेवटचा खांब खड्ड्यात सोडत होता. त्याने घाम पुसला, विचार केला. "आमच्या धंद्यात मावशी, बुड मातीतून सुटलं का तो खांबच राहत नाही. लाकूड होते. मंग उभं असो का आडवं."

"आइकलं?" मोठ्याई म्हणाली.

"बुड सुटलं नव्हतं!" आई म्हणाली. "मी पाह्यलं. एक वीतभर आत होतं."

"वीतभर नाही, बोटभर!"

"म्हनजे आत होतंच ना!"

धम्मदीप मुरूम ठासत होता, तार ताणत होता, तिला पीळ मारत होता, आणि त्यांचं चालूच होतं. बुड, वीत, बोट, मग त्यातून मास्तरांचे केस कसे आले कोण जाणे, पण आले, आणि आई नेमकी कानाशीच हसली, अंगठा धरून, एका पायावर. मोठ्याईने पुन्हा सांगितलं. आई पुन्हा हसली. मग चष्मा विसरलेला पाहुणा. मग पुन्हा बुड.

"झालं मावशी," धम्मदीप हत्यारं गोळा करत म्हणाला. "आता रोही काय, हत्ती बी नाही येत. टेन्शन नाही."

मोठ्याई घरी जायला वळली. समोर तेरा सिमेंटचे खांब, पाच पदरी काटेरी तार, मुंगी जाईल एवढीही वाट नाही. पलीकडे तिची वांगी, तिच्या मिरच्या, तिचा नवरा. ती इकडे.

"अवो! मी इकडंच राह्यली!"

मोठा बाबा तारेपलीकडून पाहत होता.  त्याच्याकडे या प्रसंगाचं हाव नव्हतं.

"आता घरातून जा लागते," आई म्हणाली आणि लंगडत पुढे झाली. मोठ्याई तिच्यामागे, नऊ वर्षांनंतर आमच्या मागच्या दारातून आत. उंबऱ्यात ती थबकली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, भिंतीचा रंग पाहिला.

"छाये, हा फ्रीज कधी घेतला? मले सांगतलं नाही."

"सांगतलं होतं. ठोंब्यानं नसन पोचवलं."

मोठ्याईने फ्रीज उघडला, वाकून आत पाहिलं. "दह्यावर झाकन नाही. असं ठेवते का कोनी?"

आईने सुजलेल्या पायानेच तिच्याकडे स्टूल सरकवलं.

"बसा. अन आता खरं सांगा, बुड किती आत होतं?"